रूपालीला काहीच झालं नाही

रूपाली निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, आई घरात बसून विड्या वळायची. त्या घरात कायम कुणीतरी खोकत असायचं, त्यामुळं लहानपणी खोकला हा तिला आजार वाटायचाच नाही. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा आमच्या उचगावच्या विक्रमचं स्थळ आलं. मुलगा बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत मोल्डर, घरची शेती, व्यसन नाही. शिक्षण तिथंच थांबलं. त्याबद्दल ती कधी कुरकुरलेली मी ऐकलं नाही, पण पुस्तकं तिनं सासरी आणली होती आणि माळ्यावर न टाकता कपाटात लावली होती.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मारुतीरावांचं घर. मारुतीराव सत्तरीचे, बिडी सोडून थोडी वर्षं झालेली, अंगात साखर. त्यांची बायको जयाबाई, थोरला विक्रम, धाकटा आदर्श. मधली मुलगी प्रियदर्शनी, ती कागलला दिली होती. विक्रम गावातला नावाजलेला कबड्डीपटू. फाउंड्रीत तापलेल्या भट्टीसमोर उभा राहून संध्याकाळी घरी यायचा आणि परत रताळ्याच्या शेतात जायचा. आदर्श टेंपो चालवायचा, तोही तसाच दणकट. जयाबाई अभिमानानं म्हणायची, "माझ्या पोरास्नी कधी डाक्टरची पायरी चढाय लागली न्हाय."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या एप्रिलमध्ये रूपाली चुलतबहिणीच्या हळदीला निपाणीला जाऊन आली. सरकारनं माणसं मोजून बोलवायला सांगितली होती, पण मांडव भरलेलाच होता. त्याच आठवड्यात फाउंड्रीतली चारदोन माणसं तापानं घरी बसलेली होती. आदर्श रोज रताळी घेऊन मार्केटला जात होता. मारुतीराव सकाळ-संध्याकाळ दूध घालायला डेअरीत. म्हणजे आजार घरात यायला वाटा चार होत्या. तो कुठल्या वाटेनं आला हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, आजही येत नाही.

पहिल्यांदा पडले मारुतीराव. ताप, अंगदुखी. घरात सगळ्यांनी मनातल्या मनात म्हाताऱ्याची तयारी केली. प्रियदर्शनीला फोन गेला. पण दोनतीन दिवसांत म्हातारा उठून बसला आणि पातळ भाकरी मागू लागला. त्यांनी डेअरीच्या शिबिरात लसीचा एक डोस घेतला होता, त्यामुळं असेल, नसेल. जयाबाईच्या तोंडाची चव गेली. आठवडाभर ती आमटीत मीठ दोनदा घालत राहिली.

विक्रमला ताप आला तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही. तोही गोळी खाऊन परड्यात लाकडं फोडत होता. मग एका सकाळी त्याला जिना चढताना धाप लागली आणि तो मधल्या पायरीवर बसला. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी ऑक्सिजन मोजायचं, बोटाला लावायचं मशीन आणलं. आकडा बघून त्यांनी मशीन पुसलं, परत लावलं, आणि म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता बेळगावला न्या."

आदर्शनं टेंपो काढला. मागं गादी टाकली. पहिल्या दवाखान्यात बेड नव्हता, दुसऱ्यात ऑक्सिजन नव्हता. तिसऱ्यात दाराबाहेर ताटकळत ठेवून मग घेतलं. विक्रमला आत घेतलं तेव्हा आदर्श स्वतःच खोकत होता. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. चार दिवसांनी त्यालाही त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर ठेवावं लागलं.

घरच्या सगळ्यांची तपासणी झाली. रूपालीचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पण तिला ताप नाही, खोकला नाही, साधी शिंकसुद्धा नाही. चार वर्षांच्या लेकीला, रेणूलाही काही नाही. दाराला पट्टी लावली गेली. आत रूपाली सासूसासऱ्यांचं करत होती, रेणूला सांभाळत होती आणि फोन कानाला लावून दवाखान्यातल्या माणसांच्या विनवण्या करत होती.

एका नर्सनं एकदा विक्रमच्या कानाला फोन धरला.

"रेणूला म्हाताऱ्यांपासनं लांब ठेव," तो म्हणाला. एकेका शब्दाला थांबत होता. "तुला काय होत न्हाय न्हवं?"

"न्हाय. मला काय न्हाय."

"बरं झालं," तो म्हणाला. "एक तरी बरं झालं."

त्यानंतर त्याला नळी घातली आणि तो बोलला नाही. तो गेला त्या दिवशी रूपालीला घराबाहेर पडायची परवानगी नव्हती. मारुतीरावांचे विलगीकरणाचे दिवस संपले होते, ते एकटे गेले. शहरातल्या स्मशानात लांबून दाखवलेलं, प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं ते आपलंच पोरगं, हे त्यांनी पावतीवरच्या नावावरून मानलं. प्रियदर्शनी कागलहून निघाली होती. कर्नाटकच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसांनी रिपोर्ट मागितला. तिच्याकडं नव्हता. भाऊ गेलाय म्हणून सांगितलं, तर पोलीस म्हणाला, सगळ्यांचंच कोण ना कोण गेलंय. ती तिथनंच परत फिरली.

आदर्श वाचला. बरेच दिवस ऑक्सिजनवर होता, मग घरी आला तेव्हा त्याला धरून खाटेवर बसवावं लागलं. न्हाणीपर्यंत चालला तरी तोंड उघडं पडायचं.

पट्टी निघाली, माणसं भेटायला येऊ लागली आणि प्रश्न सुरू झाला. प्रत्येकजण तोच विचारायचा. म्हातारा वाचला, साखरेचा माणूस. म्हातारी वाचली. पैलवानासारखी पोरं आडवी झाली. आणि सूनबाईला काहीच कसं झालं नाही?

कुणी म्हणालं, काढा पिला नसंल. कुणी म्हणालं, देवीचं काहीतरी राहिलं. पण जयाबाईला उत्तर सापडलं होतं. निपाणीची हळद. ती आधी पुटपुटायची, मग मोठ्यानं बोलू लागली. एकदा नळावर सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली, "घेऊन आली ती, आन् वाटली आमास्नी. सोताला काय बी न्हाय. माझं पोर खाल्लंन् पांढऱ्या पायानं."

रूपाली कळशी भरत होती. तिनं कळशी भरली, चुंबळ नीट केली आणि घरी गेली. कुणी काही बोललं नाही. मीही तिथंच होते.

निपाणीहून तिची आई न्यायला आली होती. त्या बाईलाही आजार होऊन गेला होता. आयुष्यभर तंबाखूच्या धुरळ्यात राहिलेली ती माउली दोन दिवसांच्या सर्दीवर सुटली होती. ती म्हणाली, "चल बाई. हितं काय हाय आता तुजं?"

"आदर्शभावजींचं कोण करणार?" रूपाली म्हणाली. "आत्ती तर जाग्यावरनं उठत न्हाईत."

हे खरंच होतं, पण सगळं खरं नव्हतं. पुढं खूप दिवसांनी तिनं मला सांगितलं, "काकू, मला बी तसंच वाटायचं. मीच आणलं आसंल तर? हळदीत माझ्या शेजारी एक बाई सारखी नाक पुसत हुती. मला तिचा चेहराच आठवायचा. म्हटलं, जाऊन कुठं जायाचं. हितंच भोगूया." ती सासूचं बोलणं मुकाट ऐकून घेत होती कारण तिला ते खोटं आहे असं म्हणता येत नव्हतं.

आदर्शला दर महिन्याला बेळगावला दाखवायला न्यावं लागायचं. रूपालीच न्यायची, स्कूटरवर मागं बसवून. तिथले डॉक्टर मध्यमवयीन, कन्नड वळणाचं मराठी बोलणारे. एकदा त्यांनी फाईल बाजूला ठेवून विचारलं, "एकाच घरातले दोन तरुण भाऊ, दोघांनाही दुसरं काही दुखणं नाही, आणि दोघंही इतके गंभीर. हे मला बरोबर वाटत नाही. आदर्शचं रक्त मी बाहेर पाठवू का? यातून औषध निघेलच असं नाही. पण कारण कळेल कदाचित."

आदर्शनं रूपालीकडं बघितलं. रूपाली म्हणाली, "पाठवा."

उत्तर यायला खूप वेळ लागला. सुगी झाली, रताळी निघाली, विक्रमचं वर्षश्राद्ध महिन्यावर आलं. तेव्हा बोलावणं आलं. दोघं गेले.

डॉक्टर म्हणाले, "राखणीचं कुत्रं असतं ना घरात? चोर शिरला की ते आधी भुंकतं, मग माणसं उठतात. शरीरातही तसं असतं. विषाणू शिरला की पहिली हाक देणारी एक व्यवस्था असते. आदर्शच्या शरीरात त्यातलं एक कुत्रं जन्मापासून मुकं आहे. एरवी काही अडत नाही, बाकीची आहेत. पण या विषाणूला ओळखायला नेमकं तेच लागतं. हाक उशिरा गेली, तोवर चोर छातीत पसरला. आणि मग सगळं शरीर जागं होऊन असं तुटून पडलं की त्यात फुफ्फुसच भाजलं."

"ह्यांचं पण तेच?" रूपालीनं विचारलं.

"विक्रमचं रक्त आपल्याकडं नाही. खात्रीनं सांगता येणार नाही. पण बहुतेक तेच."

"मग मामांना एवढं का झालं न्हाय? त्यांना तर साखर हाय. आन् मला?"

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांनी एक डोस घेतला होता. त्याचा उपयोग झाला असेल. तुमचं शरीर वेळेवर जागं झालं असेल. कुणी श्वासातून किती विषाणू ओढला, कुणाचं वय काय, कुणाच्या रक्तात काय, खूप गोष्टी आहेत. हजारात एखाद्याचंच कारण आम्हाला असं बोट ठेवून दाखवता येतं. बाकीच्यांचं मला माहीत नाही असंच म्हणावं लागतं."

"आन् कुणी आणला त्येचा काय संबंध?"

"कुणी आणला त्यानं फक्त आजार घरात आला. तो कुणाला किती लागणार हे आणणाऱ्याच्या हातात नसतं."

रूपालीनं मान खाली घातली. आदर्शला वाटलं ती रडणार. पण ती कॉलेजातलं काहीतरी आठवत होती. तिनं विचारलं, "हे दोघा भावांस्नी आलं, मग आई-बापातल्या कुणाकडनं तरी आलं आसंल."

"आईकडून," डॉक्टर म्हणाले. "हे जीन बायकांत दोन असतात. एक बिघडलेला असला तरी दुसऱ्यावर भागतं, त्यांना कळतही नाही. पुरुषाकडं एकच, तोही आईकडून आलेला. तुमची नणंद आहे ना? तिच्याकडं असू शकतो. तिला मुलगा असेल तर त्यालाही. त्यांना सांगायला हवं, तपासायला हवं. निदान लस चुकवू नये, ताप आला तर वाट बघत बसू नये." मग जरा अवघडून म्हणाले, "आणि विक्रममध्ये होता असं धरलं, तर तुमच्या मुलीकडंही तो असणार. बापाचा तो एकच जीन मुलीकडं जातोच. तिला काही होणार नाही. पण तिला मुलगा झाला, तर."

दवाखान्याबाहेर झाडाखाली आदर्श स्कूटरला टेकून उभा राहिला. त्याला आता दम लागत होता तो चालण्यानं नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला, "घरला जाऊ. मी सांगतो आईला. वरीसभर तुला काय काय म्हणाली ती. आता ऐकू दे तिला."

"नको."

"का नको? खरं हाय न्हवं?"

रूपालीनं स्कूटरची किल्ली काढली. तिनं मला हा प्रसंग सांगितला तेव्हा ती म्हणाली, क्षणभर तिला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. वर्षभर छातीवर असलेला दगड उचलून दुसऱ्याच्या छातीवर ठेवता येणार होता. नळावर, सगळ्यांसमोर. ती वाक्यंसुद्धा मनात जुळवू लागली होती. मग तिला रेणू आठवली. आज आपण जयाबाईला 'तुझ्या रक्तानं पोर खाल्लं' म्हणालो, तर उद्या पंचवीस वर्षांनी कुणीतरी रेणूला तेच म्हणणार. आणि तेव्हा ते शिकवलेलं आपलंच असणार.

"सांगायचं हाय," ती आदर्शला म्हणाली. "वन्संच्या पोरासाठी, साईराजसाठी सांगायलाच पायजे. पण मी सांगते. तुमी बोलू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी जयाबाई परसात रताळ्याचे वेल निवडत बसली होती. रूपाली शेजारी जाऊन बसली आणि वेल हातात घेतले. जयाबाईनं तोंड फिरवलं नाही. रूपालीनं सगळं सावकाश सांगितलं. कुत्र्याचं सांगितलं, दोन आणि एकचं सांगितलं. 'तुमच्याकडनं' हा शब्द तिला टाळता आला नाही.

जयाबाईनं हातातला वेल खाली ठेवला.

"म्हंजी मीच?"

"तुमी काय केलं न्हाय आत्ती. तुमास्नी कुठं ठावं हुतं. तुमच्या आईकडनं तुमास्नी आलं आसंल, तिला तिच्या आईकडनं."

"मीच की पर."

"माझ्या रेणूतबी हाय ते," रूपाली म्हणाली. "तिचा काय गुन्हा?"

जयाबाईनं तिच्याकडं पाहिलं. विक्रम गेल्यापासून पहिल्यांदा नीट पाहिलं असावं. मग ती उठली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माफी तिनं मागितली नाही, त्या दिवशीही आणि पुढंही. फक्त टोचून बोलायची थांबली. नळावर कुणी विषय काढला तर कळशी उचलून निघायची. तिला आठवायला लागलं होतं की तिचा एक भाऊ लहानपणी साध्या तापानं गेला होता. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का, हे तिनं रूपालीला तीनदा विचारलं. रूपालीला तरी कुठं ठाऊक असणार?

कागलला सांगायला रूपाली आणि आदर्श गेले. हे फोनवर सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. प्रियदर्शनीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि रक्त द्यायला तयार झाली. तिच्याकडं ते निघालं. पण तोवर गोष्ट तिच्या सासूच्या कानावर गेली होती, आणि त्या घरात तिचा अर्थ एकच निघाला: सूनबाई खोट घेऊन आली आणि आमच्या वंशात घातली. साईराजची तपासणी करायला त्यांनी साफ नकार दिला. "पोराला शिक्का मारून घ्याचा न्हाय," सासरा म्हणाला. प्रियदर्शनीनं कुणाला न सांगता, शाळेत लस द्यायला आले तेव्हा साईराजला पहिल्या रांगेत उभं केलं. एवढंच तिच्या हातात होतं, ते तिनं केलं. तिच्या घरात अजूनही काही बिनसलं की तो शब्द निघतो. रूपाली मला म्हणाली, "काकू, माझ्यावरनं काढलं आन् वन्संवर घातलं. मला ते माहीत आसतं तर कसं सांगितलं आसतं कुणास ठाऊक. पण न सांगून तरी कसं चाललं आसतं?"

मारुतीराव दोन वर्षांनी गेले. झोपेत, हृदयविकारानं. मरेपर्यंत ते एकच विचारत होते, माझ्या जागी तो का गेला. त्याचं उत्तर डॉक्टरांकडंही नव्हतं.

आदर्श टेंपो चालवतो, पण माल भरायला माणूस ठेवावा लागतो. त्याची दोन स्थळं मोडली. पहिल्या मुलीच्या बापाला त्याची धाप दिसली. दुसऱ्यांना त्यानं स्वतःच सगळं सांगितलं. तो म्हणतो, मुलगा झाला तर त्याला माझ्याकडनं येत नाही, मुलीकडं जातं फक्त. पण एवढं ऐकून घ्यायला कुणी बसत नाही.

रूपाली बेळगावच्या शहापुरात साडीच्या दुकानात कामाला लागली आहे. सकाळच्या बसनं जाते. रेणू आता शाळेत जाते, आजीजवळ झोपते. नात्यातल्या काही बायका अजूनही रूपालीला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. त्यांच्यासाठी नवं कारण पोचलेलंच नाही, किंवा पोचून उपयोग झालेला नाही. ती त्या वाटेला जात नाही.

गेल्या थंडीत मी त्यांच्याकडं बसले होते. रेणूला सर्दी झाली होती आणि जयाबाई तिच्या छातीला तेल चोळत होती. रूपाली नुकतीच कामावरून येऊन चहा टाकत होती. जयाबाई एकाएकी म्हणाली, "हिला सांगणार हाईस?"

रूपालीला कळलं कशाबद्दल. "सांगीन. मोठी झाल्यावर."

"आन् लगीन ठरल्यावर? त्यास्नी?"

"त्यास्नी बी सांगाय लागंल."

"मग कोण करून घील हिला?"

रूपालीनं चहा गाळला, एक कप सासूपुढं ठेवला, एक मला दिला. जयाबाईनं तेलाचा हात पोरीच्या छातीवर तसाच ठेवला. मग म्हणाली, "माझ्या देखत सांग. मी आसली तर."